जुने दागिने घरी उजळवताना: काळं किती काढायचं, किती ठेवायचं?

पेटीवाली (धागाकर्ती) | शनिवार, रात्री ९:४०

पणजीची एक लहानशी पेटी माझ्या वाट्याला आली आहे. आत लोकरीच्या फडक्यात गुंडाळलेले पाच दागिने. रबरबँड लावून ठेवले होते, तो रबर आता वितळून साखळीलाच चिकटलाय.

आहे ते असं: पानांची नक्षी असलेली चांदीची साखळी. एक सोनेरी लॉकेट, कडेने बारीक मोती, आत काचेखाली केसांची चिमुकली वेणी (कुणाची, ते सांगणारं आता कुणी नाही). पांढऱ्या खड्यांचा ब्रोच, मागून पूर्ण बंद. निळसर हिरव्या खड्याची अंगठी, सोन्यासारखी पण काळवंडलेली. आणि एक पितळी बांगडी, फासा आणि बिजागरी असलेली, आतून हिरवीगार.

आता कबुलीजबाब. साखळी मी करून बसले आहे. भांड्यात अॅल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा, उकळतं पाणी. व्हिडिओत पाहिलं होतं. नासक्या अंड्यासारखा वास आला आणि दोन मिनिटांत काळं गेलं. पण त्याबरोबर पानांच्या शिराही गेल्यासारख्या वाटतात. सगळी साखळी खडूसारखी पांढरी, मेलेल्या रंगाची झाली. नवी दिसत नाही, जुनीही दिसत नाही. आजारातून उठल्यासारखी दिसते.

बाकीच्या चार गोष्टींना हात लावायच्या आधी इथे विचारते आहे.

---

घाईगडबड | शनिवार, रात्री १०:०५

एवढं काय त्यात? टूथपेस्ट आणि जुना ब्रश. मी गेली कित्येक वर्षं चांदीचं सगळं असंच घासतो. चकाचक. बांगडीला लिंबू लावा, हिरवं पाच मिनिटांत गायब.

---

ठोकपीट | शनिवार, रात्री १०:५२

घाईगडबड, राग मानू नका, पण टूथपेस्ट दातांसाठी केलेली असते. दाताचं वरचं कवच कठीणपणाच्या मोह्‌स मापावर ५ च्या आसपास. चांदी अडीच ते तीन. दाताला जे सोसतं ते चांदीला सोसत नाही. तुमच्या वस्तू भिंगाखाली धरा, सगळीकडे केसासारख्या रेघा दिसतील. चकाकी दिसते ती त्या हजार रेघांवरून उडालेल्या उजेडाची.

मी आयुष्यभर झाळकाम आणि दुरुस्ती केली. आमच्याकडे यायच्या त्या वस्तूंपैकी निम्म्या वापराने झिजलेल्या असायच्या आणि निम्म्या प्रेमाने. म्हणजे दर वर्षी घासून घासून. नक्षीचे उंचवटे सपाट, छाप पुसलेला, नख्या इतक्या पातळ की खडा कधी निसटला ते मालकाला कळलेलंही नसायचं.

ताई, साखळी गेलेली नाही, घाबरू नका. कोरड्या मऊ सुती कापडाने, दाब न देता, पानांच्या दिशेने सरळ पुसत राहा. गोल गोल नाही. पांढुरकेपणा बराच बसेल. शिरांमधलं काळं मात्र परत येणार नाही, ते आता काळच भरेल.

---

रसायन_मास्तर | रविवार, सकाळी ७:१५

काकांनी सांगितलं ते खरं. आता ते का होतं, ते माझ्याकडून.

चांदीवरचं काळं हा गंज नव्हे, ऑक्साइडही नव्हे. तो सिल्व्हर सल्फाइड. हवेत हायड्रोजन सल्फाइड असतो, अब्जातल्या एखाद्या भागाइतका असला तरी पुरतो. थर पातळ असतो तेव्हा चांदी पिवळसर दिसते, मग तपकिरी, मग निळी-जांभळी, शेवटी काळी. रंगावरून थर किती जाड झालाय याचा अंदाज येतो. पिवळट अवस्थेतच लक्ष गेलं तर मऊ कापडाने भागतं.

पेटीवाली, तुमच्या पणजीबाईंनी दोन्ही गुन्हेगार पेटीतच कोंडले होते. लोकरीच्या प्रथिनांत गंधक असतं. रबर टिकाऊ करायलाही गंधकच वापरतात, १८४४ साली गुडइयर यांनी त्याचं पेटंट घेतलं तेव्हापासून. रबर टेकलेल्या जागी साखळीवर काळी रेघ असेल. ती पुष्कळदा खोलवर गेलेली असते, तिच्या मागे लागू नका.

आता फॉइलची गोष्ट. अॅल्युमिनियम चांदीपेक्षा अधिक क्रियाशील. दोघं सोड्याच्या पाण्यात एकमेकांना टेकले की छोटी विद्युत्‌घट तयार होते. गंधक चांदीला सोडून बाहेर पडतं, त्याचाच तो वास. चांदी मात्र जागच्या जागी परत मिळते. म्हणून लोक म्हणतात, यात चांदी झिजत नाही. हे अर्धं खरं आहे. परत मिळते ती गुळगुळीत चांदी नसते, बारीक कणांचा सच्छिद्र थर असतो. तो उजेड विखुरतो म्हणून वस्तू पांढरी, निस्तेज दिसते. आणि सच्छिद्र म्हणजे हवेला भिडणारं क्षेत्रफळ जास्त, म्हणून ती पुन्हा लवकर काळी पडते. मग माणूस पुन्हा फॉइल काढतो.

जाता जाता: ब्लीच आणि अमोनिया, किंवा ब्लीच आणि आम्ल, हे कधीही एकत्र करू नका. दागिन्याचं सोडा, फुप्फुसांचं बघा.

---

शंकासूर | रविवार, सकाळी ८:०२

मास्तर, म्हणजे "ऑक्सिडाइज्ड" म्हणून जे दागिने विकतात ते ऑक्सिडाइज्ड नसतातच?

---

रसायन_मास्तर | रविवार, सकाळी ८:२०

चांदीच्या बाबतीत नसतात. मुद्दाम गंधकाचं संयुग लावून काळे केलेले असतात. उंचवटे पुसून घेतात, खोलगट भाग काळा ठेवतात, म्हणून नक्षी उठून दिसते. नाव चुकीचं पडलं आणि तेच रुळलं. म्हणजे त्या दागिन्यातलं काळं मळ नसून कारागिरी आहे. ते फॉइलच्या भांड्यात घालणं म्हणजे चित्रातल्या सावल्या खोडणं.

---

कोपऱ्यातली | रविवार, सकाळी ११:३०

मी संग्रहालयाच्या जतन विभागात काम करते, धातूच्या टेबलावर. सावल्यांचा मुद्दा निघालाच आहे म्हणून: निएलो नावाची एक कला आहे. चांदीत नक्षी कोरून तिच्यात चांदी, तांबं आणि शिसं यांच्या सल्फाइडचं काळं मिश्रण वितळवून भरतात. म्हणजे नक्षी स्वतःच सल्फाइडची. "काळं घालवणाऱ्या" बाटलीत असा तुकडा बुडवला तर द्रावण आपलं काम चोख करतं आणि नक्षी खाऊन टाकतं.

त्या तयार बाटल्यांत साधारणपणे आम्ल आणि थायोयुरिया असतं. जास्त वेळ राहिलं तर पृष्ठभागावर खड्डे पडतात, सांध्यांत राहिलेलं द्रावण नंतरही काम करत राहतं. मोती, पोवळं, लाख भरलेले पोकळ दागिने यांना तर ते लावूच नका. मी घरी वापरत नाही.

पेटीवाली, तुमच्या पाच वस्तू म्हणजे पाच वेगळे रुग्ण आहेत. सगळ्यांना एक औषध देऊ नका. आधी ब्रोच, कारण सगळ्यात जास्त धोका त्याला आहे. मागून बंद म्हणालात ना? भिंगातून खड्याच्या आत बघा. तळाशी चमकदार पत्रा दिसतो का? जुन्या काळी, साधारण अठराव्या शतकापर्यंत, खड्यामागे पातळ चकचकीत पत्रा घालून कोंदण बंद करायची पद्धत सर्रास होती. त्यामुळे काचेचा खडासुद्धा मेणबत्तीच्या उजेडात पेटल्यासारखा दिसे. या वस्तूला पाणी वर्ज्य. एक थेंब फटीतून आत गेला की पत्रा काळा पडतो आणि तो खडा कायमचा विझतो. बुडवायचं नाही, वाफ नाही, अल्ट्रासॉनिक यंत्र नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका. फार तर कापसाची काडी जेमतेम दमट करून फक्त धातूवर फिरवा, खड्याच्या कडेला नाही.

---

पेटीवाली | रविवार, दुपारी १:१०

भिंग घेऊन बसले होते तासभर. डोळे दुखले, पण काय काय दिसलं!

ब्रोच: अकरा खडे. दहा चमकतात, एक राखाडी आहे, पावसाळी आभाळासारखा. म्हणजे त्यात कधीतरी पाणी शिरलंय? टाचणी लोखंडी वाटते, गंजलेली.

साखळी: काकांच्या सांगण्याप्रमाणे पुसली, खूप सुधारली. पण आकड्याच्या टोकाला लालसर रंग दिसतोय. तो फॉइलमुळे आला का?

अंगठी: आत ५८५ असा छाप आहे.

बांगडी: बहुतेक हिरवं मेणचट आहे, नखाने दबतं. पण बिजागरीजवळ फिकट हिरवी भुकटी आहे, ती वेगळी दिसते.

---

ठोकपीट | रविवार, दुपारी २:००

लालसर रंग फॉइलने आणलेला नाही, उघडा पाडला असेल. तिथे चांदीचा मुलामा झिजून खालचं तांबं दिसतंय. विजेवर मुलामा देण्याचं पेटंट एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये घेतलं. त्यानंतर मुलाम्याचे दागिने इतके निघाले की जुनं म्हणजे भरीव, असं धरून चालता येत नाही. कदाचित नुसता आकडाच नंतर कुणी बदललेला असेल, तसंही खूप वेळा दिसतं. साखळीच्या कड्या जिथे एकमेकींवर घासतात तिथे बघा. तिथेही लाल असेल तर सगळी मुलाम्याची. मग घासणं कायमचं बंद. मुलामा आधीच केसाहून पातळ, आणि तो गेला की घरी परत येत नाही.

५८५ म्हणजे हजारात ५८५ भाग सोनं, १४ कॅरट. उरलेल्या हिणात बहुधा तांबं आणि चांदी असते, अंगठी काळवंडली ती त्यांच्यामुळे. शुद्ध सोनं काळं पडत नाही.

ब्रोचच्या टाचणीला तेल-पाणी काही लावू नका. कोरड्या लाकडी काडीने सुटा गंज खरवडा. टाचणी एखाद्या जाणत्या दुरुस्तीवाल्याकडून बदलता येते, पण तो झाळ मारायला ज्योत लावणार असेल तर वस्तू उचलून परत या. बंद कोंदणाजवळ ज्योत म्हणजे दहाच्या दहा खडे गेले.

---

घाईगडबड | रविवार, दुपारी ३:४५

सगळे मिळून मला झोडताय, ठीक आहे. भिंग लावून माझी चांदीची पेटी बघितली. रेघा आहेत. बऱ्याच आहेत. 😐

पण फॉइलचा मुद्दा मी सोडत नाही. घासून चांदी जाते, फॉइलने जात नाही, हे मास्तरांनीच लिहिलंय. मग घासण्यापेक्षा ते बरं नाही का?

---

रसायन_मास्तर | रविवार, सायंकाळी ६:३०

काही वस्तूंच्या बाबतीत बरं आहे, मान्य. भरीव चांदी, खडा नाही, मिना नाही, चिकटवलेलं काही नाही, पोकळ नाही, मुद्दाम केलेलं काळं नाही, आणि विणीची साखळी असल्यामुळे कापड आत पोचतच नाही. अशी वस्तू असेल तर एकदा करा. खिडकी उघडी ठेवा, मिनिटाभरात बाहेर काढा, भरपूर पाण्याने धुवा, मऊ कापडाने पुसा. दर सणाला नको.

पण या अटी पाळणारी जुनी वस्तू तुमच्याकडे किती आहेत ते मोजा. पोकळ दागिन्यात लाख किंवा राळ भरलेली असते, ती गरम पाण्याने मऊ होते. पोकळीत शिरलेलं सोड्याचं पाणी बाहेर येत नाही, महिनोन्‌महिने आतून पांढरं फुटत राहतं. तुमच्या पद्धतीत दोष नाही, तिच्या वाट्याला येणाऱ्या वस्तूंत आहे.

आणि बांगडीला लिंबू लावा म्हणालात, त्याबद्दल. पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. आंबट लावलं की जस्त आधी विरघळतं, पृष्ठभागावर तांबं उरतं आणि पितळ गुलाबी दिसायला लागतं. लोक त्याला "काय लखलखीत निघालं" म्हणतात.

---

तिसरा_डबा | रविवार, रात्री ८:१५

सोन्याला काही होत नाही असं समजणाऱ्यांसाठी माझा अनुभव. आईची पिवळीधमक अंगठी, बोटात होती. घरातला जुना थर्मामीटर फुटला, मी गोळा करायला गेलो. दहा सेकंदांत अंगठीचा अर्धा भाग चांदीसारखा पांढरा! पारा सोन्यात मुरतो, पुसून जात नाही. मला कुणीतरी सांगितलं, तापव, पारा उडून जाईल. सुदैवाने आधी विचारलं. तापवल्यावर पारा उडतो खरा, पण वाफ होऊन आपल्या नाकात. अंगठी वेगळ्या काचेच्या बाटलीत बंद करून ठेवली आणि शेवटी शुद्धीकरण करणाऱ्याकडे दिली.

ब्लीचचंही तेच. कमी कॅरटच्या सोन्यातलं हीण क्लोरीनने पोखरलं जातं. पांढऱ्या सोन्यात निकेल असेल तर नख्या तडकतात. फरशी पुसताना अंगठी काढा, पोहायला जातानाही.

---

कोपऱ्यातली | रविवार, रात्री ९:५०

पेटीवाली, आता अंगठीचा खडा. निळसर हिरवा, अपारदर्शक, कदाचित काळ्या शिरांचा? तर फिरोजा असण्याची शक्यता मोठी. फिरोजा सच्छिद्र असतो. साबण, तेल, घाम, अत्तर सगळं पितो आणि हळूहळू निळ्याचा हिरवा होतो. तुमचा "निळसर हिरवा" आधी निळाच असू शकेल. आता तो मागे नेता येत नाही. या अंगठीला भिजवणं नको. सोन्याची कडी तेवढी, खडा वर धरून, सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने ओलावलेल्या कापसाने पुसा, मग साध्या पाण्याच्या कापसाने, मग कोरड्याने.

खड्यांची भीती विस्ताराने लिहायची तर वेगळा धागा लागेल. थोडक्यात: हिरा, माणिक, नीलम हे धडधाकट, तेही उघड्या कोंदणात असतील आणि भेगा भरलेल्या नसतील तर. पाचू दिसायला दणकट, पण त्याच्या भेगांत बहुधा तेल भरलेलं असतं. गरम पाण्याने किंवा अल्ट्रासॉनिकने ते निघतं आणि पाचू ढगाळतो. ओपलमध्ये पाणी मुळातच असतं, शिवाय बरेच ओपल दोन-तीन थर चिकटवून केलेले असतात. अंबरला अल्कोहोल किंवा अॅसिटोन लावू नका. "मार्कासाइट" म्हणून विकतात ते बारीक चमकणारे खडे खरं तर पायराइट, ओलाव्यात कुजतात.

मोती हे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, व्हिनेगर, घाम, सगळी आम्लं त्याला विरघळवतात. लॉकेटच्या कडेच्या मोत्यांना दमट कापड फिरवा, लगेच कोरडं करा, बस. केसांची वेणी काचेखाली आहे तिथे पाण्याचा विचारही नको. व्हिक्टोरिया राणीने १८६१ मध्ये पती गेल्यावर उरलेलं आयुष्य सुतकी काळ्यात काढलं. तिकडे केसांचे स्मृतिदागिने त्याआधीपासून होतेच, त्या काळात ते फार वाढले. तुमचं लॉकेट त्याच कुळातलं असेल किंवा नसेल, पण काच बसवलेली फट नेहमी थोडी उघडी असते. पाणी आत गेलं तर काचेला आतून बुरशी.

सोनेरी लॉकेटवर काळे ठिपके असतील तर सांगा.

---

पेटीवाली | रविवार, रात्री १०:२०

आहेत! तपकिरी ठिपके, विशेषतः मागच्या बाजूला. तेच घासून काढायच्या विचारात होते.

---

कोपऱ्यातली | रविवार, रात्री १०:४१

नका. ती बहुतेक चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेली वस्तू आहे. सोन्याच्या थराला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यातून खालच्या चांदीचं सल्फाइड वर येऊन पसरतं. डाग सोन्याच्या वर, सोनं अतिशय पातळ. डाग घासाल तर सोनं आधी जाईल आणि उघड्या चांदीवर पुढच्या वर्षी दुप्पट मोठा डाग येईल. मी असे ठिपके टेबलावर सूक्ष्मदर्शकाखाली काढते, तेही सगळे नाही.

---

शंकासूर | रविवार, रात्री ११:०५

मग संग्रहालयात तुम्ही वापरता तरी काय? आम्हाला सगळं नको नको, तुमचं गुपित काय?

---

कोपऱ्यातली | सोमवार, सकाळी ८:३०

गुपित ऐकून निराश व्हाल. भरीव चांदीसाठी प्रेसिपिटेटेड चॉक, म्हणजे अतिशय बारीक, शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. डिस्टिल्ड वॉटर आणि थोड्या अल्कोहोलमध्ये कालवून पातळ लगदा. कापसाच्या बोळ्याने, हलक्या हाताने, बोळा काळा झाला की लगेच नवा. नंतर चॉकचा कण न कण धुऊन काढायचा. फळ्यावरचा खडू चालत नाही, तो पुष्कळदा जिप्समचा असतो आणि त्यात खर असते. हेही घासणंच आहे, चांदी जातेच, फक्त कमी. म्हणून आम्ही एकदा साफ करतो आणि पुढची सगळी शक्ती पुन्हा काळं पडू न देण्यात घालवतो.

दुसरं गुपित: थुंकी.

---

शंकासूर | सोमवार, सकाळी ८:३४

काय???

---

कोपऱ्यातली | सोमवार, सकाळी ९:०२

मस्करी नाही. कोमट, जवळजवळ उदासीन, आणि त्यात अमायलेज हे विकर असतं, ते मळ सैल करतं. जतन करणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या कापसाची काडी ओलावून वापरत आले. मळलेल्या पृष्ठभागांवर थुंकी किती चांगली चालते हे मोजणाऱ्या पोर्तुगीज संशोधकांना २०१८ चं रसायनशास्त्राचं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस) मिळालं. चिकट मळावर चालते, सल्फाइडवर नाही. आणि नंतर पाण्याच्या बोळ्याने पुसून घ्यायची.

---

ठोकपीट | सोमवार, सकाळी ९:४०

हे आमच्या उस्तादांना माहीत होतं, इग नोबेल मात्र दुसऱ्यांनाच मिळालं.

---

घाईगडबड | सोमवार, सकाळी १०:१५

आजचा दिवस सार्थकी लागला. बांगडीचं कुणी बोला, ती हिरवी भुकटी राहिलीच.

---

कोपऱ्यातली | सोमवार, दुपारी १२:२०

मुद्दाम शेवटी ठेवली होती. यात दोन अगदी वेगळे हिरवे आहेत.

मेणचट, गडद, नखाने दबणारा: त्वचेचं तेल आणि तांबं यांचा मिळून झालेला तांब्याचा साबण. स्वस्तातल्या जुन्या दागिन्यांवर खड्यांच्या कडेने जो हिरवा चिकटा दिसतो तोच. दिसतो भयंकर, स्वभावाने बरा. लाकडी दातकोरण्याने उचलायचा, उरलेला अल्कोहोलच्या बोळ्याने. खडे चिकटवलेले नसतील तरच अल्कोहोल. हातात मोजे घाला, तांब्याचे क्षार पोटात जायला नकोत.

फिकट, कोरडा, भुकटीसारखा, टाचणीने टोचलं तर उडणारा: हा संशयित. याला ब्रॉन्झ डिसीज म्हणतात. घामातलं किंवा मातीतलं क्लोराइड धातूत मुरलेलं असतं, त्यातून क्युप्रस क्लोराइड तयार होतं. ओलावा आणि हवा मिळाली की ते फिकट हिरव्या भुकटीत बदलतं आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं. ते आम्ल पुन्हा धातू खातं. हे चक्र वरवर पुसून थांबत नाही. ओलावा तोडला की थांबतं.

ओळखायची युक्ती: भुकटी ब्रशने अलगद काढा (मास्क लावून), जागेचा फोटो घ्या. डब्यात ओल्या कापसाचा गोळा ठेवा, बांगडी त्याला न टेकता आत ठेवा, झाकण घट्ट. एक दिवसाने बघा. नवे फिकट हिरवे ठिपके आले तर रोग जिवंत आहे.

---

रसायन_मास्तर | सोमवार, दुपारी १:००

पितळेवरून आठवलं. बांगडीला अमोनियावालं काचपुसणं लावू नका. घडवताना ठोकलेल्या, वाकवलेल्या पितळेत ताण साठलेला असतो, अमोनिया मिळाला की त्या ताणाच्या रेषेवर ते चिरतं. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली असत. त्यांची पितळी टोपणं आपोआप तडकायची. वर्षानुवर्षं त्याला "ऋतूमुळे तडकणं" म्हणत राहिले. १९२१ मध्ये नक्की झालं की दोष ऋतूचा नव्हता, घोड्यांच्या मुतातल्या अमोनियाचा होता.

---

तिसरा_डबा | सोमवार, सायंकाळी ५:३०

साफ केल्यावर ठेवायचं कशात? पणजीची लोकर तर बाद झाली.

---

कोपऱ्यातली | सोमवार, सायंकाळी ७:१०

प्रत्येक वस्तू वेगळी. आम्लरहित टिश्यू कागद, मग पॉलिथीनची झिपवाली पिशवी, आतली हवा दाबून काढलेली. मऊ पारदर्शक पीव्हीसी नको, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटू शकतं. चांदीसोबत गंधक शोषणारी पट्टी किंवा अॅक्टिव्हेटेड चारकोलची पुडी. सिलिका जेल ओलावा घेतं, गंधक घेत नाही, दोन्हीत गल्लत करू नका. मोती आणि ओपल मात्र पूर्ण कोरड्या हवाबंद पिशवीत कोंडू नका, त्यांना कापडी पिशवी बरी.

पेटीत सेल्युलॉइडची फणी वगैरे असेल (कापराचा वास येतो) तर ती आधी बाहेर काढा. सडताना ती नायट्रिक आम्ल सोडते आणि शेजारच्या धातूंना हिरवं करते. शिवाय भुर्रकन पेटते.

नंगी बोटंही नकोत. घामातल्या मिठाचा ठसा चांदीवर आज दिसत नाही, दोन वर्षांनी दिसतो, तोपर्यंत कोरला गेलेला असतो.

---

पेटीवाली | बुधवार, रात्री ९:०५

हालहवाल देते.

साखळी: कड्यांच्या जोडांवर लाल नाही, फक्त आकडा मुलाम्याचा. काकांचा अंदाज बरोबर. आता पुसून ठेवली आहे, पुन्हा काही करणार नाही.

लॉकेट: मोत्यांना दमट कापड, ठिपके जसेच्या तसे. अंगठीची कडी उजळली, खडा हिरवाच. ब्रोचला फक्त ब्रश. तो राखाडी खडा आता मला खुपत नाही, अकरांमध्ये एकटा तोच ओळखू येतो.

बांगडी: मेणचट हिरवं दातकोरण्याने निघालं, खाली सुंदर वेलबुट्टी निघाली. मग ओल्या कापसाच्या डब्यात ठेवली. आज सकाळी बिजागरीपाशी दोन नवे ठिपके. फिकट. खसखशीएवढे. 😟

---

कोपऱ्यातली | बुधवार, रात्री ९:३०

दोनच आहेत आणि वेळेत कळलंय. संग्रहालयात यावर बेन्झोट्रायाझोल वापरतात, पण ते विषारी आहे, घरी नको. तुम्ही असं करा: ठिपके काडीने काढा, बांगडी डिस्टिल्ड वॉटरमध्ये तासभर ठेवा, पाणी बदला, असं पाच-सहा वेळा. मग अल्कोहोलमध्ये बुडवून काढा, म्हणजे बिजागरीतलं पाणी निघेल. हेअर ड्रायरच्या थंड हवेवर चांगला अर्धा तास वाळवा. गरम नाही. मग घट्ट डब्यात भरपूर सिलिका जेलसोबत, आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली, जमलं तर ३५. छोटा आर्द्रतामापक आत ठेवा. महिन्याने पुन्हा बघा.

वाळल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेतून निघालेलं रेनेसान्स वॅक्स त्याच जातीचं. नंतर घालू नका, निदान सध्या. आणि बाकीच्या चारांपासून लांब ठेवा.

---

पेटीवाली | बुधवार, रात्री ९:४४

डिस्टिल्ड वॉटर बदलताना बेसिनच्या नळीखाली धरायचं की वाटीत? बिजागरीची खीळ सैल लागतेय.

---

ठोकपीट | बुधवार, रात्री ९:५१

वाटीत! आणि वाटीखाली ताट. बेसिनच्या जाळीत गेलेली खीळ शोधायला मी लोकांच्या घरी पाना घेऊन गेलोय.